तारेवरची फुंकर

रविवार, ता. ९, सकाळी

भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. ‘इकडे सगळे ठीक’ असं आधी लिहून गेले होते. ते पान फाडलं. हाताला सवयच तशी, त्याला काय करणार.

आईंचा खोकला कमी आहे. तुम्ही बसवून दिलेला नळ पुन्हा गळायला लागलाय. पुढच्या खिडकीची काच नवी घातली होती, ती परवा कुणीतरी दगड मारून पुन्हा फोडली. तिथे आता पत्रा ठोकून घेतलाय. माझा जबडा डॉक्टरांनी तारेनं बांधलाय, त्यामुळे नळीनं पिता येईल तेवढंच पोटात जातं. बोलता येत नाही. आई म्हणाल्या, “तशी तरी तू कुठं बोलायचीस!” मला हसू आलं, पण हसले की टाके ओढतात. माळ्यावर जुनी पाटी सापडली. तिच्यावर लिहून घर चालवते.

उद्या चौकशीची सुनावणी आहे, ते तुमच्या कानावर असेलच. सरकारी माणसांचं म्हणणं असं, की तुमचे दादा खांबावर चढले, कमरेचा पट्टा सुटला आणि ते खाली पडले. मी ती बातमी ऐकून भोवळ येऊन उंबऱ्यावर आपटले. दादांना त्या दिवशी सुट्टी होती. पट्टा खुंटीलाच आहे, अजूनही.

दादांच्या अंत्यविधीच्या वेळी तुम्ही फाटकापाशी उभे होता आणि तसेच निघून गेलात. त्या दिवशी घरात काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

सुरुवात त्या खोलीपासून झाली. टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात पाणी शिरलं म्हणून दादांना तिथलं कुलूप काढून आत पाठवलं. आत बघतात तर शहरातल्या प्रत्येक तारेला आणखी एक तार जोडलेली. दवाखान्याची, शाळेची, मुलींच्या वसतिगृहाची, आपल्या घराचीसुद्धा. सगळ्या मिळून भिंतीतून तुमच्या कचेरीकडे गेलेल्या. जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा तुम्ही समोरच बसला होता. म्हणालात, “ज्यानं काही केलं नाही, त्यानं कशाला घाबरायचं?” दादा म्हणाले, “तुझं लग्न ठरलं तेव्हा फोनची वायर ताणून मोरीत बसून बोलायचास. तेव्हा काय गुन्हा करत होतास रे? आम्ही सगळे आंघोळीसाठी खोळंबलेले!” आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. ताटावरून उठलात.

मग दादांनी कामगारांच्या सभेत उभं राहून ते सांगितलं. वर्तमानपत्रवाला म्हणाला, नाव छापत नाही. हे म्हणाले, “मी चोर नाही. छाप.” त्यानंतर त्यांचा मदतनीस मिस्त्री सायकलवरून येताना अडवला आणि त्याचे दोन्ही गुडघे फोडले. तरी दादा कामावर जात राहिले. मी डबा द्यायचे आणि दार लावून दाराला पाठ टेकून बसायचे.

त्या दुपारी मी तुमच्या ताईंशी फोनवर बोलत होते. विषय आईंच्या चष्म्याचा. तिघे आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी लाथेनंच उघडलं. ताईंचा आवाज मधेच तुटला, पण तार चालूच होती. माझ्या हातून रिसीव्हर सुटला आणि भिंतीवर आपटत लोंबकळत राहिला. एकानं दादांना केसांना धरून जेवायच्या टेबलावर आपटलं. “आणखी कुणाला दाखवलीस खोली?” दादा म्हणाले, “सगळ्यांना सांगितलंय. पेपर वाचत नाही का?” तेव्हा त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कुणाच्या तरी कानाला चावले. तो कान तुटेपर्यंत सोडला नाही, हे मला लिहायला लाज वाटत नाही. त्यानं दादांच्याच पान्यानं माझ्या तोंडावर मारलं. नंतर तोच पाना दादांच्या डोक्यात. आई आतल्या खोलीत होत्या, त्यांना बाहेरून कडी घातली होती. त्या दार बडवत होत्या.

इथवर लिहिलं आणि उठून नळाखाली भांडं ठेवून आले. भाऊजी, हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. आता उगाच वळसे घेत नाही.

मामंजींनी तुम्हा दोघा भावांना शिकवलं होतं, रिसीव्हर कानाला लावण्याआधी दोनदा फुंकर मारायची. जुन्या लाइनमनांची रीत. जाळीत धूळ बसलेली असते म्हणून. आपल्या घरात मी आले तेव्हा फार मजा वाटायची, बाप आणि दोन्ही मुलगे फोनला फुंकर मारतात, जसा काही गरम चहा. पेपरात बातमी आल्यापासून मी फोन उचलला की आधी बारीक टक् व्हायचं आणि मग दोन फुंकरा. मी दादांच्या कानाला रिसीव्हर लावला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “चोरून ऐकणाऱ्यानं आपला आवाज बंद करायचं बटण आधी दाबायचं असतं. हा आधी फुंकतोय.” मी विचारलं, कोण? ते म्हणाले, “बाबांचा विद्यार्थी.” रिसीव्हर सदऱ्याला पुसला आणि ठेवला. मला म्हणाले, आईला सांगू नकोस. त्याला कुणी विचारून आपल्या तारेवर बसवलं नसेल.

त्या दुपारीही फोन उचलल्यावर फुंकर आली होती.

ती माणसं मोटारीकडे गेली, मला वाटतं आणखी कुणाला तरी बोलवायला. दादा जमिनीवर होते. रिसीव्हर त्यांच्या तोंडापासून हातभर वर लोंबत होता. डोळ्यांत रक्त गेलेलं, पण तो दिसत असावा. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, “धाकट्या, नुसतं ऐकू नकोस रे. बोल.” एवढंच. मी सरपटत जाऊन रिसीव्हर पकडला. आत कुणीतरी रडत होतं, तोंडावर हात दाबून रडल्यासारखं. मग टक् झालं. ती माणसं परत आली आणि त्यांनी उरलेलं काम पुरं केलं.

तो कानाचा मालक उद्या टोपी घालून साक्ष देणार आहे. मी कागदावर लिहून दिलेलं आहे, पण त्यांचे डॉक्टर म्हणतात, धक्क्यानं बाईला भास होतात. शहरातलं सगळं बोलणं तुमच्याकडे साठवलेलं असतं. मग त्या दुपारचंही असणार. ते बाहेर आणणारा तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही. आणता आलं नाही, तर तुम्ही ऐकलंत एवढं उभं राहून सांगा. तुमचेही गुडघे फोडतील, कदाचित त्याहून वाईट. मी तुम्हाला खोटा धीर देत नाही. पान्याचा मार कसा असतो ते मला माहीत आहे.

हे टपालानं पाठवलं असतं तर तुमच्या आधी तुमच्या साहेबांनी वाचलं असतं, म्हणून ताईंच्या हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. त्या वाचणार नाहीत.

आईंना त्या फुंकरांचं काही सांगितलेलं नाही. त्या फोन उचलतात, तुमच्या वडिलांसारखी दोनदा फुंकर मारतात, काहीच ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतात. आणि रोज विचारतात, धाकटा का गं येत नाही? मी पाटीवर लिहिते, ‘कामात आहे.’

उद्या संध्याकाळीही विचारतील. पाटी मी पुसून ठेवलीय.

तुमच्या बोलण्याची वाट बघणारी,
तुमची वहिनी