अर्थिंगची प्लेट

६ जानेवारी, सोमवार
आले बाई एकदाची पुण्यात! स्वारगेटला भाग्यश्रीताई घ्यायला आली होती. बार्शीत आमच्या गल्लीतली. नोकरी तिनेच लावली, राहायलाही तिच्याच खोलीवर. नारायण पेठेत डॉ. गोपाळकृष्णांचं छोटंसं क्लिनिक आहे. पेशंटच्या हाताला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि नस तो किती वेगाने पुढे नेते ते पडद्यावर बघायचं. आधी हे ताईच करायची. दिवाळीत तिचा उजवा हात लुळा पडला, म्हणून आता ती फोन घेते. जेवताना मला आग्रह करकरून वाढते.

८ जानेवारी
अर्थिंगची प्लेट पेशंटच्या हाताला बांधायची, असं आम्हाला बार्शीत कोर्सला शिकवलंय. इथे ती माझ्या मनगटाला बांधतात! विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बार्शीतलं बार्शीत ठेवा, आमच्याकडे पेशंट बरे होतात. ताई म्हणाली, होईल गं सवय.
पण होतात खरे बरे. रिक्षावाल्या महिपतीकाकांची बोटं वळत नव्हती. जाताना शर्टाची बटणं स्वतः लावून गेले. नुसत्या तपासणीने?

१७ जानेवारी
करंगळीला सारख्या मुंग्या. चहाचा कप हातातून सुटला.

२३ जानेवारी
हट्टाने माझाच हात तपासायला लावला. डॉक्टरांनी नॉर्मल म्हणून छापील रिपोर्ट दिला. अहो, मी काय आंधळी आहे? पडद्यावर रेघ सपाट होती. रिपोर्टवरचे आकडे महिपतीकाकांचे, मीच टाइप केलेले.

२६ जानेवारी
ताई वेणी घालत होती. दोन्ही हातांनी.
विचारलं तर रडली. म्हणाली, नवी मुलगी प्लेट बांधून बसली की आधीचीचा हात परत येतो, म्हणूनच तुला बोलावलं. आणि मी हिला सख्खी समजत होते! वर म्हणते, तूही तुझ्या सृष्टीला बोलाव. माझ्या धाकट्या बहिणीला. थू तुझ्या जिनगानीवर!

२९ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. उजवा गेला. प्लेट फेकून दिली, तरी डावाही —
सृष्टीचा मेसेज. आक्का, तुझा निरोप मिळाला, निघाले. मी निरोप पाठवलाच नाही. माझ्या फोनवरून भाग्यश्रीनेच —

३० जानेवारी
सृष्टीला फोन लावायच्या आत भाग्यश्री माझा फोन घेऊन गेली. सृष्टीला स्टँडवरून थेट क्लिनिकला नेणार म्हणे. दार ओढून घेतलंय, त्याचं लॅच मला फिरवता येत नाही. ओरडले. कुणी —

दुपार
उजवी करंगळी हलली. आत्ता.
म्हणजे तिकडे सृष्टीला बांधली —
परत हलली. देवा, माफ कर, पण मला किती बरं वाटतंय.