पेटी भरायची गोष्ट

रियाध, ३० जानेवारी १९९१

तीर्थरूप बाबांना आसावरीचा नमस्कार. मी आणि तुमचे जावई जगदीश सुखरूप आहोत, एवढं आधी आईला वाचून दाखवा आणि मग पुढे वाचा.

दादाची तार मिळाली, "पेटी भर, लगेच निघ." तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात वाढलेली मी, मला पेटी म्हणजे हार्मोनियमच. तिच्यात काय भरायचं, असा क्षणभर प्रश्न पडला. मग खूप हसले.

त्यात आदल्याच दिवशी पेटीचीच गोष्ट ऐकली होती. माझ्यासोबतची नर्स ग्रासिएला अर्जेंटिनाची आहे. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत बसतो आणि ती हळू आवाजात टँगोची कॅसेट लावते. त्यात दोन्ही हातांनी ताणून वाजवायची एक पेटी आहे. ही पेटी म्हणे जर्मनीत प्रार्थनेसाठी बनवलेली. खलाशांबरोबर ग्रासिएलाच्या गावच्या बंदरात उतरली आणि टँगोचीच होऊन गेली. आपली पेटीही साहेबाकडूनच आली ना?

विषारी वायूसाठीचा मास्क घातला की माझा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजतो. तुम्ही असता तर चामड्याची पट्टी लावून दिली असतीत. पण मास्क रोज लागत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? ती जिना चढत नाही ना?

वॉर्डात अठरा पेशंट आहेत आणि निम्म्या नर्स निघून गेल्या. मी राहणार आहे. भाता शाबूत असलेली पेटी तुम्ही कधी मोडीत काढली नाहीत. दादाला कळवा, माझा शाबूत आहे.

तुमची,
आसावरी