चांगुणाचे नाव पटावर घेण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
तालुका हिंगोली, जिल्हा परभणी.

अर्जदार : सोनाजी ग्यानोबा खिल्लारे, वय ४१, धंदा रेल्वेत गेटमन, राहणार रेल्वे फाटक, मौजे तळणवाडी शिवार, तालुका हिंगोली.

विषय : मुलगी चांगुणा, वय ११, हिचे नाव तळणवाडी शाळेत इयत्ता सहावीच्या पटावर घेणे, व तिच्याविषयी कागदोपत्री झालेला गैरसमज दूर करणे.

संदर्भ : १) ‘एक हितचिंतक’ या सहीचा निनावी अर्ज, ऑगस्ट १९७६.
२) आपली नोटीस व दिनांक ८ नोव्हेंबरची सुनावणी.

माननीय साहेब,

सुनावणीच्या दिवशी मी आपल्यासमोर काही न बोलता उठून निघून आलो. त्यावरून मी गुन्हा कबूल केला असे कारकून साहेबांनी लिहून घेतल्याचे कळते. मी का उठलो ते या अर्जात खरे खरे लिहीत आहे.

१) मला दोन लेकरे झाली. थोरला मुंजाजी नऊ वर्षांचा असताना, आम्ही कुरुंद्याकडे राहत होतो तेव्हा, शाळेतून येताना ओढ्याच्या पुरात गेला. मी त्या वेळी ड्यूटीवर होतो. त्यानंतर धाकटी चांगुणा हिला मी दुसरीतूनच शाळेतून काढले. पुढे माझी बदली तळणवाडीच्या फाटकावर झाली. येथून गाव दीड मैल, व मध्ये ओढा आहे. ओढा पाहिला त्याच दिवशी मी ठरवले की पोरगी शाळेत जाणार नाही. मी स्वतः सातवी पास आहे. घरीच शिकवीन असे पत्नी मालनबाईस सांगितले. ती काही बोलली नाही. मी ते होकार समजलो.

२) चार वर्षे मी मुलीस शिकवले. गाडी जाऊन फाटक उघडले की आम्ही पाटी घेऊन बसत होतो. मालगाडीचे डबे मोजून तिला गुणाकार भागाकार आला. हिंगोलीच्या बाजारातून जुनी पुस्तके आणली. पत्रलेखन शिकवताना घरात दुसरे काही नव्हते म्हणून माझे रजेचे व बदलीचे जुने अर्ज तिला गिरवायला दिले. प्रति कोठे, विषय कोठे, सही कोठे, सर्व तिला पाठ आहे. तिला कामाला जुंपले ही तक्रार खोटी आहे. फाटकाच्या दांड्यास ती हात लावत नाही, मीच लावू देत नाही.

३) परंतु गावात काय काय बोलणे सुरू झाले ते साहेबांना माहीत असावे. पोरगी घरी आहे म्हणजे अडाणी आहे, असे आधी म्हणत. मग म्हणाले, तिला फेफरे येते म्हणून झाकून ठेवली. मग म्हणाले, सोनाजीने तिचे लग्न लावले व सासर लपवले. मुख्याध्यापक विश्वंभर गुरुजी मला बाजारात म्हणाले, “अहो खिल्लारे, घरी शिकलेलं मूल घुम्यासारखं होतं. चार लेकरांत बसलं पाहिजे.” गुरुजींना पटावर संख्या कमी पडत होती हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्यांच्या बोलण्यात त्यांचाच फायदा पाहिला व नमस्कार न करता पुढे गेलो.

४) आपल्या कार्यालयाची जीप सप्टेंबरमध्ये चौकशीस आली. साहेब, जीपच्या दिवसांची आपणास कल्पना आहे. नसबंदीची जीप गावोगाव फिरत होती व वरून आम्हा नोकरदारांवर दबाव होता. त्या दिवशी ड्यूटी हरिचंदची होती. तो माझ्या जोडीला दुसऱ्या पाळीवर असतो. दुरून धुरळा दिसला तसा नसबंदीचीच जीप समजून मी ज्वारीत जाऊन बसलो. मालनबाईने मुलीला घेऊन दार आतून लावले. “पालक फरार, मुलगी आढळून आली नाही” असा अहवाल गेला, तो त्यामुळे. त्यावरून पुढे मी मुलगी रानात लपवली, नाही तर विकली असे झाले व पोलीस पाटील ज्वारी कापल्यावर रान पाहून गेले.

५) नोटीस आली तेव्हा तक्रार कोणी केली याचाच मला ध्यास लागला. पहिला संशय गुरुजींवर होताच. दुसरा नर्मदाबाईवर. ही बाई रोज ओढा ओलांडून आमच्याकडे दूध घालते व चांगुणाशी पाच-दहा मिनिटे बोलत थांबते. दुधाला एवढा वेळ कशाला लागतो, असे मनात आणून मी तिचे दूध बंद केले. ती म्हणाली, “दादा, माजं काय चुकलं ते तर सांगा.” मी सांगितले नाही. तिसरा संशय हरिचंदवर, तो नोटिसीच्या आधीपासूनचा. ऑगस्टअखेर गेटच्या रजिस्टरचे एक पान फाटलेले सापडले. असे पान गेल्यास नोकरीवर येते. हरिचंद मला अडकवून राहिला, अशी माझी खात्री झाली. अडीच महिने मी त्याला चावी देताना तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्या पोरास ताप होता, तेही मी विचारले नाही.

६) सुनावणीस आपण तो निनावी अर्ज माझ्या हातात दिला. कागद रजिस्टरचा होता. मला वाटले, हरिचंद सापडला. मग मी वाचू लागलो. आपल्याकडे मूळ आहेच, तरी मजकूर लिहितो, कारण तो मला आता पाठ आहे :

“सदर मुलीस आईवडील मारत नाहीत. जेवण बराबर देतात. तिला सहावीचे गणित येते. परंतु तिला कोणी मैत्रीण नाही. ती रोज गाडीतल्या लोकांस हात करते. काही लोक हात करतात पण गाडी निघून जाते. तरी मेहेरबान साहेबांनी तिला शाळेत बोलवावे ही विनंती. एक हितचिंतक.”

अक्षर माझ्या मुलीचे होते. समास माझ्यासारखा सोडला होता. साहेब, म्हणून मी उठून आलो.

७) घरी येऊन मी चांगुणाला समोर बसवले. रागावलो नाही. अर्ज तू लिहिलास का, एवढेच विचारले. ती म्हणाली, “व्हय, म्या लिवला. नर्मदामावशीपाशी टपालात टाकाया देला. त्यात काय हाये ते तिला ठावं न्हाई.”

“काहून लिवला?”

“तुमीच सांगितलं ना बाबा, तकलीफ असंल तर भांडू न्हाई, अर्ज करावा.”

“मग मलाच का न्हाई केला?”

मालनबाई चुलीपाशी होती. चार वर्षांत या विषयावर ती प्रथमच बोलली. म्हणाली, “तुमाला कोन सांगावं? वढ्याचं नाव काढलं की तुमी जेवत न्हाई. एक लेकरू वढ्यानं नेलं. दुसरं आपुनच कोंडून राहिलो.”

मी त्या दिवशीही जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन ओढ्यावर गेलो. पाणी पोटरीएवढे होते. ती पायऱ्यांसारखे दगड पाहून पाहून पुढे गेली. मीच मध्ये थांबलो होतो.

८) नर्मदाबाईच्या दारात जाऊन मी चूक कबूल केली. दूध पुन्हा सुरू आहे. हरिचंदला पान कोणी फाडले ते सांगितले. तो म्हणाला, “अडीच महिने झाले, सोनाजी.” अजून तो मोकळा बोलत नाही. तो त्याचा हक्क आहे. पान फाटल्याचा अर्ज मी रेल्वेच्या साहेबांना वेगळा केला आहे. शिक्षा होईल ती मी घेईन.

९) आता मुख्य अडचण. चांगुणापाशी दुसरीनंतरचा दाखला नाही. नियमाने तिला तिसरीत, आठ वर्षांच्या लेकरांत बसवावे लागेल असे गुरुजी म्हणतात. त्यांनी स्वतः तिची परीक्षा घेतली. गणित व वाचन सहावीचे निघाले. कविता चालीवर म्हणता आली नाही. चार मुलींसमोर उभी राहून नाव सांगताना ती भिंतीकडे तोंड करून बोलली, हेही लिहितो. घरी राहून लेकरू अडाणी होते हे लोकांचे म्हणणे चुकीचे निघाले. पुस्तक दिले म्हणजे शाळा झाली हे माझे म्हणणेही चुकीचे निघाले. दाखल्यावाचून नाव लागत नाही, तरी गुरुजींनी तिला आपल्या जबाबदारीवर सहावीत बसू दिले आहे. ज्या माणसाला मी नमस्कार केला नाही, त्यांनी हे केले.

१०) तरी विनंती की, (अ) परीक्षा घेऊन अथवा गुरुजींचा शेरा मान्य करून तिचे नाव सहावीत घेण्याचा लेखी हुकूम व्हावा. (ब) “मुलगी आढळून आली नाही” हा शेरा रद्द व्हावा. ती आहे, केव्हाही येऊन पाहावे, जीप आली तरी मी आता पळणार नाही. (क) निनावी अर्जदाराचा शोध घेण्याचे काम पोलीस पाटलांकडे दिले आहे असे समजते. ते थांबवावे. गावात तीन माणसांचे अक्षर तपासून झाले आहे, व त्यात नर्मदाबाईचा अंगठाही घेतला आहे. अर्जदार सापडला आहे. त्या अर्जात एक अक्षर खोटे नाही. (ड) पावसाळ्यात ओढ्यास पाणी चढल्यास मी अथवा मालनबाई पोचेपर्यंत पलीकडच्या सर्वच लेकरांना शाळेतच थांबवून घ्यावे, अशी सूचना गुरुजींना व्हावी.

साहेब, ती १५ तारखेच्या सोमवारपासून शाळेत जात आहे. पहिल्या दिवशी मी शाळेच्या कुडाबाहेर दुपारपर्यंत उभा होतो. कोणी हसेल, कोणी लांब बसवेल, याचीच वाट पाहत होतो. सुट्टी झाल्यावर ती पळत आली व म्हणाली, “बाबा, तांड्यावरल्या लालसिंगची कमळा हाये ना, ती माज्याहून भरभर वाचती! मला जमलंच न्हाई तिच्यासंगं.” असे म्हणून ती हसत होती. माझी मुलगी हरून इतकी खूश होते हे मला माहीत नव्हते.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
सोनाजी ग्यानोबा खिल्लारे
(सही)

ठिकाण : रेल्वे फाटक, तळणवाडी शिवार
दिनांक : २५ नोव्हेंबर १९७६

सोबत : १) मुख्याध्यापकांनी घेतलेल्या परीक्षेची उत्तरपत्रिका. २) जुन्या शाळेचा दुसरीचा दाखला. ३) मुलीची आई मालनबाई हिची संमती, अंगठ्यासह. या वेळी तिला विचारून घेतली आहे.