नख अडकता कामा नये

५ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या घरात पहिलं पाऊल टाकलं आणि रक्त! हॉलमधून स्वयंपाकघराकडे वळतो त्या कोपऱ्यावर सासूबाईंचा तळहात कापला. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, भिंतीला हात लावत चालतात — आमच्या कोन गावात सगळ्यांना माहीत आहे. आणि काळूराम मिस्त्रीने प्रत्येक कोपऱ्याला पंचेचाळीस मारलाय! म्हणजे दोन्ही टाईल तिरक्या कापून टोकाला टोक भिडवलंय. दिसायला एक रेघ, हाताला ब्लेड.

मी हळद दाबली. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुमचा नवा घर चावतंय. माना न्हाय ऱ्हावाचा हितं." आणि मागच्या जुन्या घरात जाऊन बसल्या.

६ फेब्रुवारी

काळूरामला फोन केला. "वहिनी, पंचेचाळीसच्या पुढं फिनिशिंगच न्हाय. फोटो काढून बघा!" फोटो काय चाटायचाय? म्हणे कल्याणच्या साईटवर अडकलोय, वास्तुशांतीला येईन तेव्हा कडांना पॉलिश पेपर घासून देतो.

प्रितेश म्हणाला, "आईला सवय होईल." नवरा आहे म्हणून गप्प बसले. छे, कुठली बसते! चांगली भांडले. एकोणीसला वास्तुशांती, त्यानंतर जुनं घर पाडायचं. मग त्या कुठे जाणार, दिघाशीला नणंदेकडे? लग्न होऊन आले तेव्हा रात्री घाबरायची मी, तर त्या माझ्याजवळ येऊन झोपायच्या. त्यांना मी कुठेही जाऊ देणार नाही.

७ फेब्रुवारी

कामतघरला शिवायच्या ब्लाउजांचं अस्तर आणायला गेले आणि हार्डवेअरच्या दुकानात शिरले. टाईलच्या कोपऱ्याला लावतात ती गोल पट्टी मागितली. दुकानदार हसला. "मिस्त्री को भेजो भाभी, आपको नहीं समझेगा." माझं डोकंच फिरलं. "मिस्त्री ही खड़ी है आपके सामने!"

बोलून बसले. आता आली का पंचाईत!

पट्ट्या रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. रिक्षावाला कल्याण रोडभर कुरकुरत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

काळूरामचं कटर इथेच पडलंय, उरलेल्या टाईलही आहेत. फोडला पहिला कोपरा! प्रितेशचा चेहरा बघण्यासारखा होता.

नवी टाईल बसवली, कडेला वरून पट्टी चिकटवली. मला तर फारच आवडली. सासूबाईंना हात धरून आणलं. त्यांनी टाईलवरून पट्टीवर नख ओढलं.

"हितं अडकतंय."

पट्टी वर, टाईल खाली. मी थापी आपटली. प्रितेश हसला नाही, ते त्याचं नशीब.

१० फेब्रुवारी

कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवसभर ब्लाउज शिवले.

११ फेब्रुवारी

अगं बाई — पायपिंग!

ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावताना मी ती आधी दोन कापडांच्या मध्ये ठेवते, मग शिलाई मारते. शिवून झालेल्या गळ्यावर वरून कोण चिकटवतं? पट्टीला मागे एक चपटं पान असतं. ते आधी टाईल चिकटवायच्या केमिकलमध्ये बसवायचं, त्याच्यावर टाईल, आणि दोन्ही एका पातळीत येईपर्यंत दाबत राहायचं. गावभरच्या बायकांच्या गळ्यांना लावते आणि स्वतःच्या भिंतीला सुचलं नाही! परवाचं सगळं उखडून परत बसवलं.

१२ फेब्रुवारी

जमलं! नख सरकलं!!

सासूबाईंनी परत एकदा ओढलं. उलट्या बाजूनेही ओढलं. मग म्हणाल्या, "दुसरा कोपरा कवा?"

१५ फेब्रुवारी, रविवार

खांब झाला, खिडक्या झाल्या, ओट्याची कड झाली. तळहाताला फोड आलेत, सुई धरवत नाही. केमिकल आता प्रितेश कालवतो. "जरा घट्ट कर," मी म्हणाले. "हो, मिस्त्री!" चिडव बाबा, पण घट्ट कर.

१७ फेब्रुवारी

शेवटचा कोपरा माजोरडा निघाला. जिन्याजवळच्या बुटक्या भिंतीवर तीन पट्ट्या एकत्र येतात, तिथे एक तोकडी कापली गेली. नवी कापली, कानशीने घासत घासत बसवली. बसली म्हणजे काय, जन्मली तिथेच!

संध्याकाळी सासूबाई एकट्या दारापासून ओट्यापर्यंत गेल्या. हात भिंतीवर, कुठेही न थांबता. मी दोन पावलं मागे. ओट्याच्या कडेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. "मातीच्या घराला कोपरा आमी हातानी असाच गोल करायचू," म्हणाल्या. मला एकदम रडू आलं.

पण राहायला येते असं काही म्हणाल्या नाहीत. विचारायची माझी हिंमत झाली नाही. प्रितेशला मात्र हुकूम सोडला, "टोप्या दोन आन." वास्तुशांतीला आमच्यात मिस्त्रीला नारळ, टॉवेल आणि टोपी देतात. प्रितेश म्हणाला, "आई, मिस्त्री एकच आहे."

"तू आन रं."

१९ फेब्रुवारी

काळूरामने कोपऱ्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. "कोनी केलं?" मी पुरणाचं ताट घेऊन सटकले.

पहिली टोपी त्याला दिली. मग सासूबाईंनी सगळ्या भावकीसमोर विचारलं, "माजी सून कुटं हाय?" चाचपत माझं डोकं शोधलं आणि अंबाड्यावर, गजऱ्यासकट, पांढरी टोपी दाबून बसवली. "यो माजा दुसरा मिस्त्री!" बायका आधी हसल्या, मग टाळ्या!

मग प्रितेशकडे तोंड केलं — "जा, माजी पेटी आन मागच्या घरातशी."

गजऱ्याचा चुरा झालाय. टोपी अजून डोक्यावर आहे. काढवत नाही.