मिशी, वस्तरा आणि शिरपूरची मंडळी

२ नोव्हेंबर
वडिलांना, म्हणजे आबांना भेटायला साक्रीला गेलो होतो. तिथल्या बाजारात भंगाराच्या पोत्यावर जुना वस्तरा सापडला. हस्तिदंती मूठ, पात्यावर इंग्लंडचा शिक्का. विकणाऱ्या गाढवाला पत्ताच नाही. कुंदा म्हणाली, मूठ प्लॅस्टिकची आहे. बायकोला अँटिकची कदर असती तर माझीही झाली असती.

४ नोव्हेंबर
व्हिडिओवाला म्हणतो, गंज हळुवार काढा, तेल लावा, धीर धरा. रिकामटेकडा. मी सरळ पॉलिश पेपर घेतला. गंज गेला. शिक्काही गेला. पातं मात्र आता एकसारखं दिसतं.

७ नोव्हेंबर
समाधान न्हाव्याने धारेचा पट्टा उसना दिला नाही. जळतो. पँटचाच पट्टा वापरला. तो मधोमध कापला गेला, म्हणजे धार उत्तम.

१२ नोव्हेंबर
रविवारी शिरपूरचे झुलालआप्पा हर्षदाच्या साखरपुड्याची तारीख धरायला येणार. त्यांचा भूषण पोरीला मनापासून आवडलाय. कुंदाने बजावलं, दाढी सलूनमध्येच करा. मला शिकवते.

१६ नोव्हेंबर, सकाळ
उजव्या मिशीचं टोक गेलं. समतोलासाठी डावं घेतलं. मग पुन्हा उजवं. आता मिशीच नाही. चेहरा तरुण वाटतो. हर्षदा आत जाऊन रडते आहे. आजच्या पोरींना बदल सोसत नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार
आप्पा दारातच थबकले, टोपी काढली. म्हणाले, आबा गेले आणि आम्हाला कळवलंही नाही? आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. मला माहीत होतं, फक्त लक्षात नव्हतं. माझे वडील साक्रीत ठणठणीत आहेत, हे वस्तऱ्याने झालं, असं सांगितलं. त्यांना वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलंय. सुतकात सोयरीक नको, वर्षभर थांबू, म्हणाले. पाणीही न घेता गेले. आबांचा फोन बंद. म्हाताऱ्यांना मोबाइल द्यायचा कशाला?

१७ नोव्हेंबर
आप्पांनी बातमी पसरवली. पाहुणे सांत्वनाला साक्रीला दारावर गेले, तर दार आबांनीच उघडलं. तिथूनच त्यांनी एका पाहुण्याच्या फोनवरून आप्पांशी बोलून सोयरीक सावरली. साखरपुडा आता रविवारी, साक्रीत. संध्याकाळी आबा इथे आले. माझा चेहरा पाहून म्हणाले,

"बठ्ठं मी करसू. मिशी उगस तवलोंग तू मांगेच बस."

सगळं आबाच करणार, तर मिशी उगवेपर्यंत मागच्या खोलीत बसायला माझी ना नाही. मला गर्दी आवडतच नाही. तरी हर्षदाला विचारलं, मी पुढे नसलो तर चालेल का? ती म्हणाली, हो बाबा, चालेल.

मला वाटलं होतं, ती तरी नाही म्हणेल.