जावई ‘जातो’ म्हणाला

३ नोव्हें., सोम.
इथे आखातातही खिडकी उघडी ठेवण्याजोगी हवा झाली एकदाची. क्रेग शाळेत शिकवून आला आणि गाडीची किल्ली शोधत बसला. जावई ऑस्ट्रेलियन असला तरी शोधणं आपल्यासारखंच, आधी दुसऱ्यांवर संशय. किल्ली खिशातच होती. मी हसलो. माझी लेक मिनू नाही हसली. गेला महिनाभर त्याचं असं विसरणं फार होतंय.

५ नोव्हें., बुध.
क्रेगचे जुने सामने पाहिले, दोघांनीच. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. म्हणे फुटबॉल, पण हाताने झेलतात! “बाबा, हा मी.” कुणाच्या तरी खांद्यावर गुडघा टेकवून थेट आभाळात.
“अरे, तू तर उडतोयस!”
“उडणं सोपं, बाबा. लँडिंग प्रॉब्लेम.”
गोल थोडक्यात हुकला तरी त्यांच्यात एक गुण मिळतो. आमच्या गणिताच्या मास्तरांना हे कळायला हवं होतं. म्हणाला, माझं सगळं करिअर त्या एकेका गुणाचं. शेवटच्या मोसमात असाच वरून डोक्यावर पडला. उठून विचारत होता, आपली बाजू कुठली? खलास. त्याआधीही डोक्याला मार किती तरी. मिनूची भीती तीच, हे विसरणं त्या मारामुळे तर नाही? रविवारी डोक्याचा स्कॅन.

९ नोव्हें., रवि.
स्कॅनला निघताना क्रेग दारात म्हणाला, “जातो, बाबा.”
‘येतो’ म्हणायचं, हे लग्नाच्या आठवड्यातच शिकवलेलं. आजवर एकदाही चुकला नव्हता.
दिवसभर शाळेतल्या कविता म्हणत बसलो. चाली जशाच्या तशा, मधल्या ओळी गळालेल्या. मग माझाही स्कॅन...

१३ नोव्हें., गुरु.
रिपोर्ट चांगला!! मेमरीची टेस्टही. डॉक्टर म्हणाले, झोप कमी पडतेय, म्हणून विसरतो. मात्र डोक्याला पुन्हा मार नको. अजिबात. मिनू रडली, हसली, मग किल्लीवरून ओरडली. घर ताळ्यावर आलं. मी शिरा केला. खाली लागला, तरी संपला.
खाताना विचारलंच, “त्या दिवशी ‘येतो’ विसरलास ना?”
“नाही विसरलो, बाबा. ‘येतो’ म्हणजे प्रॉमिस ना? त्या दिवशी कसं देऊ?”


१४ नोव्हें., शुक्र.
पर्थहून जुन्या संघाचा फोन. सगळे माजी खेळाडू मिळून एक सामना खेळणार, गंमत म्हणून.
मिनू : “बघायला जा. खेळायचं नाही.”
“दहा मिनिटं फक्त.”
“एक मिनिटसुद्धा नाही.”
“इन्शाल्ला.”
“इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, क्रेग?”
क्रेग चेंडू काखेत मारून बागेत निघाला. दारात थांबला, मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणाला, “येतो, बाबा.”
“ये,” म्हटलं. केवढं हलकं वाटलं. कविता सुचावी इतकं.
त्याचे खेळाचे बूट कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, वर्षानुवर्षं. आत्ता चष्मा शोधताना पाहिलं, खाली आहेत. पुसलेले. मिनूला सांगावं, की त्याच्या ‘येतो’वर भरवसा ठेवावा?