लाल गाडीचा तुटका बोल्ट

मी, भारत फकिरा विधाते, वय ६९, धंदा गुलाबशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. हृदय अर्धंच चालतं असं डॉक्टर म्हणतात. डोकं पूर्ण चालतं.

१) घर व बँकेतील ठेवी पत्नी सुलाबाई हिच्या. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा शब्द काढू नये.

२) गुलाबाची जमीन मुलगा समर्थ याला. बांधावरचा आंबा शेजाऱ्यानं तोडला, ते मी विसरलेलो नाही. समर्थनं खुशाल विसरावं.

३) माझी जुनी विलायती लाल स्पोर्ट्‌स गाडी, जिचा सगळा जोर मागच्या चाकांना, ती मुलगी दिशा हिला. समर्थ, तू गिऱ्हाईक बघून ठेवलंयस ते मला ठाऊक आहे. त्याला परत पाठव.

दिशालाच का, तेही लिहितो. १९९८ साली त्र्यंबक रोडच्या वळणावर ती चालवत असताना गाडी उजवीकडे फिरून रस्त्याकडेच्या चारीत गेली. शेजारी बसलेल्या सुलाबाईचा हात मोडला. दिशा रडत सांगत होती, "अण्णा, मी ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय उचलला हो, गाडी आपोआप फिरली." माझे मेहुणे पुंजाभाऊ भर दवाखान्यात म्हणाले, "पोरीच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?" तेव्हापासून माझ्या लेकीनं स्टिअरिंगला हात लावला नाही. माझं काळीज तुटायचं.

मेकॅनिकांनी स्टिअरिंग उघडलं, टायर बदलले, अलाइनमेंट केलं. गाडीची खोड जाईना. यंदा मी स्वतः मोकळ्या रस्त्यावर नेली. ॲक्सिलरेटर दाबला की डावीकडे ओढते, सोडला की उजवीकडे. म्हणजे सगळे पुढे शोधत बसले आणि दोष मागे! जॅक लावून खाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंगच्या पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला, त्यामुळे मागच्या चाकांचा एक्सल त्या बाजूनं पुढेमागे सरकत होता. बोल्टावर आधीच्या मालकाचं जुनं वेल्डिंग होतं, ते सुटलेलं. अरे, पोरगी खरंच सांगत होती!

आता नवा बोल्ट टाकलाय, गाडी सरळ चालते. दिशाला दाखवलं. "बरं झालं अण्णा," म्हणाली, पण चावी घेतली नाही.

४) माझ्या अस्थी याच गाडीतून रामकुंडावर न्याव्यात. गाडी दिशानंच चालवावी. शेजारी कलश मांडीवर घेऊन पुंजाभाऊंनी बसावं. त्यांना भीती वाटत असेल तर अस्थी घरीच राहू द्या, मला घाई नाही.

नाशिक, दि. १४ नोव्हेंबर २००४
सही: भारत फकिरा विधाते

साक्षीदार:
१) दिनेश बुधा गावित, सही
२) पुंजा सहादू मौले, सही

(दुसऱ्या सहीखाली, त्याच हस्ताक्षरात)
वाचलं. दिशा, मामा चुकला. कलश मी धरीन, गाडी तू चालव.